पाणी कोणाचं सुटलं

पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा सुनंदा शिडीच्या मधल्या पायरीवर अडकली होती. नववा महिना. वर चढवेना, आणि खाली उतरायला जमीन उरली नव्हती. वरून तिची सासू बायजाबाई तिचे हात ओढत होती. मी खालून खांदा लावला.

"मले नाई जमत, बाई," सुनंदा म्हणाली.

"नाई जमत तं उतर. पोहता येते का?"

ती चढली. मी तिच्यामागे माळ्यावर गेले.

बाहेर कडक ऊन होतं. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना खरं वाटत नाही. गावात बरेच दिवस पाऊस नव्हता. अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या फाटकातून तरंगत बाहेर निघाल्या होत्या. नदी घराच्या पुढे, म्हणून आम्ही पुढच्या दाराला तांदळाची पोती लावत होतो. पाणी मागच्या दारातून आलं.

मी गावची दाई. आमचं गाव वरोऱ्याकडचं, नदीकाठचं. चौथी पास होते म्हणून सरकारी दवाखान्यानं मला ट्रेनिंगला घेतलं आणि एक किट दिली. किट म्हणजे साबण, ब्लेड, दोरा आणि खाली अंथरायला प्लास्टिक. सोपं बाळंतपण मी करायचं, अवघड वाटलं तर नर्सबाईकडे पाठवायचं.

आमच्याकडे कळा सुरू झाल्या असं मोठ्यानं बोलत नाहीत. नजर लागते म्हणतात. दाईला निरोप येतो तो एवढाच की पाणी सुटलं. पोटातलं बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, ती फुटली की बाळंतपण जवळ आलं. पुढचं विचारायचं नसतं, किट उचलून निघायचं असतं.

त्या सकाळी मी भांडी घासत होते. नामदेव कोतवाल सायकलवरून ओरडत आला. कोतवाल म्हणजे तहसीलचे निरोप गावात सांगणारा माणूस.

"पाणी सुटलं वो! पाणी सुटलं!"

"कोणाचं?" मी विचारलं.

"खालच्या मोहल्ल्यात सांगा!" त्यानं खाली हात केला आणि तो पुढे निघून गेला.

खालच्या मोहल्ल्यात दिवस भरलेली एकटी सुनंदा. मी किट उचलली. हापशीवरच्या बायकांनी विचारलं, "काऊन वो बाई, कुठी चालल्या?"

"सुनंदाचं पाणी सुटलं."

"लवकरच वो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घागरी भरू लागल्या.

सुनंदा दारात बसून तांदूळ निवडत होती. मला बघून हसली. बायजाबाई हसली नाही.

"तुले कोणं सांगतलं?"

"नामदेवनं."

"त्याले काय माहीत? तो पाहाले आलता का?"

मी सुनंदाला आत नेऊन तपासलं. सगळं कोरडं. कळ नाही, काही नाही. आलेच आहे तर चहा ठेव म्हटलं. चहा उकळत होता तेवढ्यात नामदेव परत आला. घामानं निथळत होता.

"चहा पिऊन राह्यल्या! पाणी सुटलं म्हणतो नं!"

"नाई सुटलं. मी हात लावून पाहिलं."

त्यानं कपाळावर हात मारला. "धरणाचं वो, धरणाचं! वरच्या धरणाचे गेट उघडले. तहसीलातून निरोप हाय. शाळेकडे चला."

आम्ही तिघींनी नदीकडे पाहिलं. ती पात्रातच होती.

"नदी तं झोपली हाय," बायजाबाई म्हणाली.

"तुमच्या मनानं चालते का ती? मी नाल्याकडच्या झोपड्याईले सांगून येतो. तुम्ही निघा." तो गेला.

आम्ही निघालो नाही. मी लहानपणापासून पूर पाहिले होते. पूर पुढून यायचा, आधी मारुतीच्या ओट्याला लागायचा, मग सावकाश गल्लीत शिरायचा. भांडीकुंडी उचलायला वेळ मिळायचा. त्या हिशोबानं आम्ही पोती ओढायला लागलो. मागून पायाला गार लागलं. मला वाटलं, घागर लवंडली.

माळ्यावर सुनंदा भिंतीला टेकली आणि म्हणाली, "बाई, पाणी सुटलं."

"दिसते नं आम्हाले केव्हाचं!" बायजाबाई ओरडली.

"ते नाई वो. माह्यं."

मी किट डोक्याला बांधून वर आणली होती, म्हणून ब्लेड कोरडी होती. घरभर पाणी, पण हात धुण्यासारखं थेंबभर नव्हतं. बायजाबाईला माळ्यावर एक नारळ सापडला. तो फोडून त्याच्या पाण्यानं आणि साबणानं मी हात धुतले. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं. दुसरं बाळंतपण असल्यानं वेळ लागला नाही; थोरलं पोर तेव्हा आजोळी होतं. मुलगी झाली, पण रडेना. मी तिच्या तोंडातलं काढलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. मग रडली. वारही सगळी पडली. वार मागे राहिली तर बाई दगावते, म्हणून ती मी उलटसुलट करून पाहिली.

दुपारी मासेमार ढिवरांचा डोंगा, म्हणजे लहान नाव, आला. त्यांनी कौलं काढून आम्हाला बाहेर घेतलं.

पाणी उतरल्यावर शाळेत साहेब लोक आले. मी विचारलं, "नदी पुढं हाय, तं पाणी मागून कसं आलं?"

इंजिनिअर म्हणाले, खाली कोळशाच्या ट्रकांसाठी उंच रस्ता बांधला आहे, त्याला नदी अडली आणि नाल्यातून उलटी फिरली. नाल्याचं पाणी पूर्वी पसरायचं त्या जागेवर खाणीच्या मातीचे ढीग आहेत. खाणीचे साहेब म्हणाले, आमच्या ढिगांचा काय संबंध, धरणवाल्यांनी सगळे गेट एकदम उघडले. धरणाचे साहेब म्हणाले, पाऊसच आता पूर्वीसारखा राहिला नाही, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, गेट उघडले नसते तर धरण गेलं असतं.

प्रत्येकाचं ऐकताना पटत होतं. तिघांचं ऐकून झाल्यावर काहीच कळेना. पूर्वी पूर नदीचा होता. आता त्यात रस्ता, खाण, धरण आणि कुठला तरी लांबचा पाऊस. पाणी कोणाचं, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि आता या वयात मी विचारतही नाही. एक मात्र झालं. गावात आता नवा कोतवाल आहे. तो पाणी सुटलं म्हणत नाही. नदीला पूर आहे, घर सोडा, असं ओरडतो. दाईला वेगळा निरोप येतो.

सुनंदा जगली. मुलगी जगली, तिला आता स्वतःची दोन आहेत. बायजाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. नाल्याकडच्या झोपड्यांतली माणसं नामदेवचं ऐकून त्याच खाणीच्या ढिगावर चढली, ती सगळी जगली.

नामदेव जगला नाही.