आमच्या समोरच्या दारातले सचिव

बदलापूरच्या आख्ख्या कात्रपमध्ये राज्यकारभार कळणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहायचा. बाकीचे आम्ही नुसते मतदार. त्यांनी तीस वर्षं मंत्रालयात एका मोठ्या साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून काढलेली, त्यामुळे कुठली फाइल कुठे झोपते, कुठला साहेब जेवणाआधी सही करतो आणि कुठला जेवल्यावर, हे सगळं त्यांना पाठ. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘सचिव’ म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. त्यात थोडी कुचेष्टा होती, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

रिटायर झाले तरी शिपाईपण काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. स्वतःच्या घरात शिरतानाही दारावर दोन टिचक्या मारून थांबायचे. आतून वहिनी म्हणायच्या, “या, साहेब मोकळे आहेत.” मग हे आत. नोकरीत असताना साहेबाच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल रोज सकाळी बदलायचा, हे त्यांचं मुख्य काम होतं. टीव्हीवर कुठल्या अधिकाऱ्याची मुलाखत लागली की हे माणसाकडे बघतच नसत, पाठीमागचा टॉवेल बघत. “दोन दिवसांचा आहे भाऊ. या माणसाला हाताखालचे मानत नाहीत.” एकदा माझ्याबरोबर उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला आले. दुकानातल्या सिंधी शेठने घाम येतो म्हणून खुर्चीवर टॉवेल टाकलेला. हे दारातच हात बांधून उभे. शेठ म्हणतो, “अरे बैठो ना काका.” हे म्हणतात, “नाही, तुम्ही बसलेले आहात.” शेवटी शेठच ओशाळून उभा राहिला आणि आम्ही तिघांनी उभ्याउभ्या कापड पसंत केलं. माझे पाय दुखत होते, पण मी कोणापेक्षा आधी बसणाऱ्यातला नाही. हट्टात मी त्यांच्यापेक्षा एक पायरी वरच.

पेपरात वरच्या नेमणुकांची यादी आली की सचिव लाल पेन्सिल घेऊन माझ्याकडे हजर. सचिव, न्यायाधीश, कुलगुरू, एकेक आडनाव वाचायचे आणि पेन्सिल हवेतच ठेवायचे. ती कागदाला क्वचित टेकायची. “ज्या दाराबाहेर मी तीस वर्षं बसलो ना भाऊ, तिथे आपला माणूस मला बहुतेक स्टुलावरच दिसला.” ते बौद्ध, मी खरवई गावचा, शेतकरी घरातला. मी लगेच छाती काढायचो. “अहो, एवढ्या वरच्या जागेला गुणवत्ता बघतात. तिथे जात कशाला आणता?” गुणवत्ता हा शब्द मला फार आवडायचा. चौथी शिकलेल्या माणसाला तो तोंडात धरायलाच भारी वाटतो.

सचिव शांतपणे म्हणायचे, “चहाचा ट्रे घेऊन मी आत जायचो तेव्हा गुणवत्तेचीच चर्चा चालू असायची. हा आपल्या मास्तरांचा मुलगा, तो आपल्या साडूच्या ओळखीतला. सगळे गुणवान. कप कमी पडायचे.”

मी हरत नसे. हरलो तरी समजत नसे, हा माझा मोठा गुण.

आता मी स्वतः नोकरीला कसा लागलो ते सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. आमची जमीन सरकारने प्रकल्पाला घेतली आणि मला मिळाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्या दाखल्यावर सरकारी गोदामात चौकीदाराची जागा मिळायची होती. जागेला अट सातवी पासची, मी चौथी. अट सैल करून मिळावी म्हणून अर्ज मंत्रालयात गेला आणि तिथे बसला. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला दाराबाहेरच्या स्टुलावरच्या शिपायाने विचारलं, “कुठले?” मी म्हटलं, “बदलापूरकडचा.” तो म्हणाला, “मी पण. द्या इकडे.” आत जाऊन त्याने माझा कागद ढिगाच्या वर ठेवला. महिन्याभरात मी नोकरीला. तो शिपाई म्हणजेच आमचे सचिव. पुढे ते माझ्याच समोर फ्लॅट घेऊन राहायला आले, आणि मी त्यांना रोज सकाळी गुणवत्ता शिकवली. एका शब्दाने त्यांनी कधी त्या अर्जाचा विषय काढला नाही. मला वाटायचं, विसरले असतील.

त्यांची मुलगी दिल्लीची मोठी परीक्षा पास झाली. पुढेमागे जिल्हाधिकारी होणार म्हणून बिल्डिंगने खाली मोकळ्या जागेत सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइक. वयाने मोठा म्हणून भाषण माझ्याकडे. मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली, धुतलेला सदरा घातला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “कोट्यातून का होईना, आपली पोर एवढ्या वर गेली, याचा आम्हाला अभिमान आहे.” मला वाटलं, टाळ्या पडतील. दोन-तीन पडल्याही. पोर खाली बघत होती. सचिवांनी माझ्या हातातून माइक घेतला, आभार मानले आणि खुर्च्या गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं येणं बंद झालं. जिन्यात भेटले की बाजूला सरून वाट द्यायचे, एखाद्या मोठ्या साहेबाला द्यावी तशी. तो मान सहन होण्यासारखा नव्हता. चूक काय ते मला कळेना, आणि कळलं असतं तरी मी गेलो नसतो. आमच्यात आधी जायची पद्धत नाही. आठ महिने मी एकटाच पेपर घेऊन बसलो. मी स्वतःशीच वाद घालायचो आणि त्यातही जिंकायचो. जिंकून मजा येत नव्हती.

मग एक दिवस सूनबाई मोबाइल घेऊन आली. “बाबा, समोरच्यांच्या मुलीची निवड खुल्या यादीत आहे. सवलत घेतलेलीच नाही तिने. मार्कच तेवढे होते.”

मी चपला घातल्या. समोरचं दार चार पावलांवर, तरी चपला घातल्या. सचिव गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, “चुकलं माझं. पोरगी खुल्यातून आली, तुम्ही सांगितलं का नाही?”

त्यांनी हातातली चादर झटकली. “आणि कोट्यातून आली असती तर, भाऊ? मग चुकलं नसतं?”

मी बादलीतला पुढचा कपडा उचलून त्यांच्या हातात दिला. वहिनींनी चहा आणला, तो आम्ही प्यालो. बोललो ते हेंद्रेपाड्यातल्या नव्या रस्त्याबद्दल. त्यानंतर ते परत माझ्याकडे बसायला यायला लागले, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही.

पुढे मुलीला जिल्हा मिळाला आणि ती दोघांना तिकडे बंगल्यावर घेऊन गेली. जाताना चावी माझ्याकडे दिली, कुंड्यांना पाणी घालायला. कुंड्यांना पाणी घालताना डोकं रिकामं असतं, आणि रिकाम्या डोक्यात तोच प्रश्न यायचा. कोट्यातून आली असती तर मी चपला घातल्या असत्या का?

गेल्या महिन्यात फोन लावला. म्हटलं, “सचिव, तुम्ही गॅलरीत विचारलं होतं, त्याचं सांगतो. कोट्यातून आली असती तर मी आलो नसतो तुमच्याकडे.”



“ते मला माहीत होतं भाऊ,” ते म्हणाले. “तुम्ही सांगाल का, ते माहीत नव्हतं.”

मग त्यांनी विचारलं, हल्ली पाणी किती वाजता येतं. मी म्हटलं, सहाला. येतं वेळेवर, पण समोर नळ सोडणारं कोणी नाही, त्यामुळे आलेलं कळत नाही.