सिस्टरची चौकी

"चौकी मारत नाही, भाऊ. चौकी थोपवते. मारायला जहाजं लागतात." असं म्हणून सिस्टर चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि माझा घोटाळा निस्तरायला माउस हातातून ओढून घ्यायच्या. ओढून म्हणजे खरोखर ओढून. एकदा तर मला त्यांचं नख लागलं. वर मलाच म्हणाल्या, "मधी हात कसाले घालस?"

कसली चौकी, कसली जहाजं, ते सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो. मला या माणसाबद्दल गोडगोड लिहायचं नाहीये. मला राग आलाय, अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असंच वाटतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील आणि त्यांचं काय होतं तेही पाहिलं असेल. तेव्हा गपगुमान ऐका.

मी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. कंत्राटी. मूळचा फैजपूरचा. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात आमचं आरोग्य उपकेंद्र होतं: दोन खोल्या, एक ओटा, एक कडुनिंब. वरच्या डोंगरात पाडे. तिथली माणसं पावसावरची शेती करायची, डिंक-मोहाची फुलं गोळा करायची, हंगामाला खाली केळीच्या बागांत मजुरीला यायची. आजारी माणूस पडला की झोळीत घालून खांद्यावरून पायथ्यापर्यंत आणायचा. पायथ्याला सिस्टर आणि दारात माझी गाडी. तालुका तिथून लांब, रस्ता असा की पाठीचे मणके मोजून घ्यावेत.

सिस्टर धुळ्याकडच्या, माहेर नरडाण्याजवळ. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि जुना लॅपटॉप आईला देऊन गेला. त्यात तो गेम होता. ताऱ्याताऱ्यांवर वस्ती करायची, खाणी काढायच्या, जहाजं बांधायची आणि शेजारच्या राज्यांपासून आपलं राज्य राखायचं. ग्रहाच्या भोवती फिरणारा तळ बांधता यायचा, त्याला तोफा, ढाली, काय काय बसवता यायचं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. सिस्टर त्याला चौकी म्हणायच्या.

दुपारी ओपीडी संपली, रजिस्टरं भरली, लसीचा डबा तपासला की लॅपटॉप उघडायचा. ड्युटीवर गेम खेळायचा का? खेळायचा. बोला! पेशंट आला की स्क्रीन खाडकन बंद व्हायची, लढाई ऐन रंगात असली तरी. पेशंट ताटकळत ठेवलेला मी एकदाही पाहिला नाही. पत्ते कुटणारे, रील बघणारे आणि टेबलावर डोकं ठेवून घोरणारे मात्र मी तालुक्याला रोज पाहतो.

पहिल्यांदा मला खेळायला दिलं तेव्हा मी प्रत्येक ग्रहावर एकेक चौकी बांधून टाकली. छोटी छोटी, पण सगळीकडे. मला वाटलं, काय बंदोबस्त केलाय! मग जांभळे आले. जांभळा झेंडा होता म्हणून आम्ही त्यांना जांभळे म्हणायचो. त्यांनी माझ्या चौक्या एकेक करून शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. सिस्टर हसून हसून खोकायला लागल्या. "हाई काय चौकी शे? पानटपरी शे! गावभर पानटपऱ्या टाकी दिन्यात रे तू!"

त्यांचा हिशेब वेगळा होता. नकाशावर जिथे चार वाटा एकत्र येतात असा तारा शोधायचा. तिथे ना खाण, ना शेती, नुसता खडक. तिथे एकच चौकी बांधायची, पण दणदणीत. त्या ताऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं नरडाणा. सगळ्यात श्रीमंत, हिरव्यागार ग्रहाचं नाव मला खूश करायला फैजपूर. नदीवाल्या ग्रहाचं नाव भडगाव. मी म्हटलं, "सिस्टर, आमच्या फैजपूरला एक पण चौकी नाही?" तर म्हणाल्या, "फैजपूरपर्यंत कोणी पोचलं तर चौकी असून काय उपयोग? त्याला नरडाण्यालाच अडकवायचा." मला ते झोंबलं. फैजपूर उघडं टाकून नरडाण्याला तोफा! माहेरचा पक्षपात, दुसरं काय. पण जांभळे खरंच नरडाण्याच्या पुढे आले नाहीत.

चौकीवर मी नुसत्या तोफा लावायचो. सिस्टर त्या काढायच्या आणि तिथे दुरुस्तीचा गाळा बसवायच्या. "मोडलेलं जहाज कुठं नेशील? फैजपूरला? तोवर लढाई संपून तेरावं होईल." आणि मोठा नियम असा की चौकीपाशी जहाजं उभी हवीतच. चौकी जागची हलत नाही. ती शत्रूला अडवून धरते, मार खाते, वेळ काढते. त्या वेळात जहाजं पोहोचली तर चौकी कामाची, नाहीतर ते नुसतं सावज.

जहाजं चालवायचं काम माझं. "तू ड्रायव्हर ना? चालव." आणि इथेच आमची रोज जुंपायची. ड्रायव्हर माणसाला उभी गाडी बघवत नाही हो! नरडाण्याला जहाजं नुसती उभी, इंधन खातायत, काही करत नाहीयेत, ते बघून माझे हात शिवशिवायचे. सिस्टर पाणी प्यायला उठल्या की मी ती कुठेतरी धाडायचो, काही नाही तर कोपऱ्यातला एखादा तारा बघून यायला. एकदा अशीच सगळी जहाजं भडगावला नेली आणि तेवढ्यात जांभळे नरडाण्यात घुसले. चौकी बिचारी लढली, लढली आणि फुटली. सिस्टर तांब्या हातात घेऊन दारातच थबकल्या. त्या दिवशी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. "उभी शे म्हणजे रिकामी शे का? तुले समजस का नही?"

मग त्यांनी गुपचूप मागचा सेव्ह केलेला डाव उघडला आणि काही घडलंच नाही अशा तोंडानं खेळायला बसल्या. मी म्हटलं, "हे चीटिंग आहे." त्या म्हणाल्या, "मी काय केलं?" इतक्या निरागसपणे की मीच वरमलो.

असं चाललं होतं. मग तालुक्याला नवे साहेब आले.

साहेबांचं नाव घेत नाही. घेतलं तर पुढचं लिहिणं बाजूला राहील आणि नुसत्या शिव्याच येतील. साहेबांनी सगळ्या गाड्यांचं रनिंग मागवलं. आमची गाडी सगळ्यात कमी धावलेली. का नाही धावणार कमी? ती पेशंट आला की धावायची, एरवी दारात उभी असायची, आणि उभी होती म्हणूनच माणसं वाचत होती! पण साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, तुमची गाडी नुसती उभीच असते का हो?" सगळे फिदीफिदी हसले.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मी मागे दाराशी होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर मी तिला बरं करू शकत नाही. थोपवून धरू शकते, थोडा वेळ. तेवढ्यात गाडी निघायला पाहिजे. गाडी इथे तालुक्याला असली तर मी कुणासाठी थोपवू?"

"इथून फोनवर निघेल की गाडी," साहेब म्हणाले. झालं. निकाल लागला. दुसऱ्या दिवशी माझी गाडी तालुक्याच्या आवारात, बाकीच्या गाड्यांच्या रांगेत. मी निघताना सिस्टर ओट्यावर उभ्या होत्या. मी म्हटलं, "डाव चालू ठेवा, मी रविवारी येतो." म्हणाल्या, "जहाजं कोण चालवणार?" त्यानंतर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

तालुक्याला माझी गाडी काय करायची, ऐकायचंय? साहेबांचे पाहुणे स्टेशनवरून आणायची. आरोग्य अभियानाच्या खुर्च्या वाहायची. रनिंग मात्र झकास वाढलं. साहेब खूश.

अशीच एकदा अभियानाच्या उद्घाटनाला गाडी सजवून उभी केली होती. बाजूला फलक, बोनेटला झेंडूचा हार, आरशाला फुगे. आमच्या उपकेंद्राच्या आशाताईंचा, म्हणजे आशा सेविकेचा, फोन आला. वरच्या पाड्यावरची एक सून, बाळ झालं, रक्त थांबत नाही, सिस्टर म्हणतात लगेच निघ. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. माझ्यापुढे खुर्च्या होत्या, मंडप होता. मी हॉर्न दाबला आणि मंडपाचा एक दोर तोडून निघालो. कुणी मागून ओरडलं, ओरडू दे.

पोहोचलो तेव्हा सिस्टर टेबलाशी वाकून होत्या. एक हात आतून, एक पोटावरून, दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलेलं. वर सलाइन. चष्मा नाकावरून घसरलेला, तो वर करायला तिसरा हात नव्हता. तसंच दाबून धरलेल्या अवस्थेत त्या स्ट्रेचरबरोबर गाडीत चढल्या आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलपर्यंत तशाच बसल्या. आरशाचे फुगे रस्त्याने एकेक करून फुटत होते. बाई वाचली. बाळही वाचलं. उतरल्यावर सिस्टरना बोटं सरळ करता येईनात. मी त्यांना चहा पाजला, कप धरून.

आणि आता ऐका, खरी तिडीक कुठे जाते माझ्या डोक्यात. पुढच्या बैठकीत साहेबांनी सिस्टरना गुच्छ दिला. फोटो काढला. आणि म्हणाले, "बघा, गाडी तालुक्याहून गेली आणि पेशंट वाचला की नाही? म्हणजे आपली व्यवस्था बरोबर आहे." टाळ्या! अहो, ती बाई वाचली ती व्यवस्थेमुळे वाचली? ती त्या दोन हातांमुळे वाचली. या बाईंनी जिवाच्या करारानं थोपवलं, आणि तेच थोपवणं पुरावा म्हणून त्यांच्याच विरुद्ध लावलं. मी दाराशी उभा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कंत्राटी माणूस मी, काय बोलणार.

सिस्टर बोलल्या. बैठकीत त्या नेहमी साहेबी मराठी बोलायच्या, त्या दिवशी ती सुटली. गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हात शेत मना, साहेब. दगड नहीत."

कुणाला काही कळलं नाही. किंवा कळलं आणि कुणी दाखवलं नाही.

केळीच्या कापणीचे दिवस होते तेव्हा पुन्हा फोन आला. पुन्हा तसंच, बाळंतीण, रक्त. गाडी पाहुण्यांना घेऊन गेलेली. मी अर्ध्या वाटेत पाहुण्यांना उतरवलं, भर उन्हात, बॅगांसकट. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, पण हसायला मला वेळ नव्हता. गाडी अशी हाणली की स्टिअरिंग थरथरत होतं.

उपकेंद्रात शिरलो तर आवाज नाही. सिस्टर तशाच वाकलेल्या, दोन्ही हात जागच्या जागी. आशाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर बाळ. त्या हळूच म्हणाल्या, "केव्हाची गेली ती. सिस्टर हात काढत नाहीत." मी दोनदा हाक मारली. मग मनगटं धरून मीच त्यांचे हात काढले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलास?" बास, एवढंच. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनाच कारणे दाखवा नोटीस आली. पेशंटला वेळेत पुढे का पाठवलं नाही म्हणून. कशात पाठवायचं होतं, बैलगाडीत? मला वाटलं, आता त्या तालुक्याला येऊन टेबल उलथवतील. मी वाटच बघत होतो, मंडपाचे उरलेले दोर मी तोडले असते. पण त्यांनी काही केलं नाही. अर्ज दिला, रजा घेतली, रजा संपल्यावर धुळ्याकडे बदली करून घेतली. माझ्यासारख्याला निरोपसुद्धा दिला नाही. त्याचाही मला राग आहे. सांगून ठेवतो.

उपकेंद्राला आता बहुतेक कुलूप असतं. आठवड्यातून कधी तरी कुणी येतं, रजिस्टरवर सही करतं, जातं. पाड्यावरची माणसं झोळी घेऊन येतात, कुलूप बघतात आणि खांदा बदलून पुढे चालायला लागतात.

मी सिस्टरना अधूनमधून फोन करतो. त्या मुलाचं सांगतात, धुळ्याच्या उन्हाचं सांगतात. आणि दर वेळी, काहीही चाललेलं असलं तरी मध्येच विचारतात, "गाडी कोठे शे?" मी म्हणतो, तालुक्यालाच. मग त्या कामाचं निमित्त काढून फोन ठेवतात.

परवा फोन केला तेव्हा मी साहेबांच्या बंगल्यासमोर गाडी धूत होतो. पाहुण्यांच्या मुलानं मागच्या सीटवर आइसक्रीम सांडलं होतं, ते काढत होतो. सिस्टरनी विचारलं, "गाडी कोठे शे?" काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "पायथ्याला आणलीय, सिस्टर. कालपासून. दारातच उभी आहे."

 मला वाटलं, आता नेहमीसारखं निमित्त काढून फोन ठेवतील.

पण त्या म्हणाल्या, "तर मग फोनवर काय बोलत बसलास? ठेव. जरा आडवा हो. कधी कोणाला घेऊन येतील, सांगता येत नाही."