आलेखातले दात

ऑफिसात त्याला सगळे बारीकराव म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. लांबवर वीज पाठवणारे कन्व्हर्टर बांधण्याआधी संगणकावर चालवून बघायचे, हे त्याचं काम. संगणक वेळेचे तुकडे करून गणित मांडतो. बारीकरावचे तुकडे सगळ्यांत बारीक. त्याचं एकेक गणित तीन-तीन दिवस चाले. अकरा वर्षांत त्यावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग ती नवी इंजिनिअर आली. तुकडे चांगले जाडेभरडे, आणि उत्तर जेवणाच्या सुट्टीच्या आत! कन्व्हर्टरमधला स्विच नेमका कुठल्या क्षणी बंद झाला ते शोधून ती तिथून गणित नव्याने सुरू करी. साहेब तिच्या टेबलाशी घुटमळू लागले, आणि बारीकरावच्या पोटात दुखू लागलं.

"जेवताना तरी तिला ताटात वाढून घेऊ नका," बायको म्हणाली.

"अगं, पण तिच्या आलेखात दातच नाहीत!"

दात म्हणजे स्विच बंद झाल्यावर व्होल्टेजच्या रेषेत उठणारी करवत. बारीकरावच्या प्रत्येक रिपोर्टात ती असे. ती कन्व्हर्टरची खरीखुरी थरथर, असं त्याने अख्ख्या ऑफिसला शिकवलं होतं. पोरीने ती खोडली असणार! त्यात तिचा रिपोर्ट तपासायला नेमका त्याच्याकडेच आला. दुपारच्या बैठकीत तिचं पितळ उघडं पाडायचं, या विचाराने तो सकाळी शीळ घालतच आला.

पुरावा पक्का हवा म्हणून त्याने आपले तुकडे अजून निम्मे केले आणि फक्त स्विच बंद होतानाचा भाग चालवला. थरथर खरी असती तर दात जागचे हलले नसते. पण दोन दातांमधलं अंतरही निम्मं झालं. प्रत्येक तुकड्याला एक दात, एकदा वर, एकदा खाली. थरथरत होतं ते त्याचं गणित. अकरा वर्षं!

बैठकीला वीस मिनिटं होती. काहीतरी खुसपट काढून रिपोर्ट दाबून ठेवता आला असता. तसा मोह त्याला झालाही. शेवटी सही करून तो तिच्या टेबलाशी गेला.

"ते दात... माझीच चूक होती."

"माहीत आहे, सर. आल्या आल्याच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत कसं बोलणार? म्हटलं, तुमच्या ध्यानात येईलच."

तिच्या जागी तो असता, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला सांगून झालं असतं. गणितात पोरगी पुढे गेली, ते एक वेळ त्याने गिळलं असतं. हे मात्र काही केल्या गिळता येईना.