डिक्शनरी जागेवरच राहू दे

माझी बायको कामणच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. आलेला-गेलेला माल हातातल्या मशीनने स्कॅन करायचा आणि दिवसाची प्रत्येक एन्ट्री मुख्य ऑफिसला पोचल्याशिवाय घरी निघायचं नाही, असा तिथला नियम. त्या एन्ट्र्या आकाराने लहान करणारा प्रोग्राम, म्हणजे कॉम्प्रेशन लायब्ररी, आमच्या कंपनीची, खरं तर माझी. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून मी ती लिहिली आहे, आणि ती उत्तम आहे. हे मी कोणालाही सांगतो.

तिच्यात मी डिक्शनरी घातली होती. डिक्शनरी म्हणजे नेहमी येणाऱ्या मजकुराचा साठा. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे तोच साठा असला की पूर्ण मजकूर लागत नाही, खुणेवर भागतं. आमच्या घरी हे रोज चालतं. बायकोचा 'निघाले' एवढाच मेसेज येतो. कुकर लाव, मुलीला शेजारच्या काकूंकडून आण, हे त्यातच आलं.

एन्ट्र्या चिमुकल्या झाल्या आणि मी खुशीत होतो. पण 'निघाले' रोज उशिरा यायला लागलं. मुलगी आईची वाट बघत सोफ्यावरच झोपायची.

"कामणला रेंजच नाही," मी म्हणालो.

"रेंज फुल असते. तुझं ते मशीनच विचार करत बसतं," बायको म्हणाली. "एन्ट्री छोटी झाली असेल तुझी. माझा दिवस लांबलाय, त्याचं काय?"

मला राग आला. शनिवारी कंपनीचा माणूस म्हणून तिच्याबरोबर गेलो. रेंज खरंच फुल होती. स्कॅन केलं की मशीन थबकायचं, मग एन्ट्री झटकन जायची. म्हणजे घोळ पाठवण्याच्या आधीच होता. प्रत्येक चिमुकल्या एन्ट्रीसाठी मशीन सगळी डिक्शनरी नव्याने उतरवून घेत होतं. चिमूटभर मोहरीसाठी मिसळणाचा अख्खा डबा दुसऱ्या डब्यात ओतून घ्यावा, तसं. माझ्या लॅपटॉपला त्याचं काही वाटत नव्हतं, ते जुनं मशीन मात्र दमत होतं.

घरी येऊन बदल केला. मशीन सुरू होताना डिक्शनरी एकदाच तयार करायची आणि लहान एन्ट्रीसाठी तिची नक्कल न करता जागेवरच बघायचं. मोठ्या फायलींना नक्कलच फायद्याची, म्हणून तीही वाट ठेवली. वेळ मोजून बघितला, पुन्हा मोजला.

"आता उजेडात घरी येशील," मी सांगून टाकलं.

"बघू," ती म्हणाली.

नवी आवृत्ती मशीनवर चढली त्या दिवशी 'निघाले' आलं तेव्हा बाल्कनीत ऊन होतं. मी ऐटीत कुकर लावला, मुलीला आणलं. बायको दारात आली आणि मी कौतुक करून घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी धावत गेली. तिने आईच्या कपाळाला हात लावला.

"आई, एवढ्या लवकर आलीस? तुला बरं नाहीये का?"

बायकोने चप्पलही न काढता तिला उचलून घेतलं. लायब्ररीचं कौतुक मी राहू दिलं आणि ताटं घ्यायला आत गेलो.