आठ नंबरची फुंकर

आमच्या संशोधन केंद्रात मी भांडार सांभाळायचो. काचेच्या नळ्या, कापूस, स्पिरिट काढून द्यायचं आणि वहीत सही घ्यायची, एवढंच माझं काम. बाईंबद्दल लिहिणारा मी कोण, हे मलाही कळत नाही. पण जे पाहिलं ते पाहणारा मी एकटाच होतो.

बाई शेवाळ जपायच्या. शेवाळातून इंधनाचं तेल काढता येईल का, हे केंद्रात तपासत असत. त्यासाठी दोनशे तऱ्हांचं शेवाळ पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत, नळ्यांमध्ये जिवंत ठेवलेलं असे. दर पंधरा दिवसांनी जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीतल्या ताज्या पाण्यात सोडायचा, नाहीतर ते उपाशी मरतं. नव्या नळीवर तारीख आणि काम करणाऱ्याची खूण. बाईंची खूण म्हणजे निळं टिंब. सही का करत नाही विचारलं तर म्हणायच्या, माझं नाव वाचून शेवाळ थोडंच वाढणार आहे? मला त्या कुलूपवाले म्हणत. नळ्या मी दोनदा मोजून देतो म्हणून.

जंतू मरावेत म्हणून नळीचं तोंड स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं की ते आपोआप निवू द्यायचं, त्यावर श्वाससुद्धा पडू द्यायचा नाही, असा केंद्र चालवणाऱ्या साहेबांचा नियम होता. बाई मात्र लेकराच्या घासावर घालावी तशी हळूच एक फुंकर घालत. पहिल्याच वर्षी मी ते पाहिलं आणि चाचरत म्हणालो, साहेब रागावतील.

"तोंड भाजेल त्याचं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही काही पाहिलं नाहीत."

मी तेवीस वर्षं काही पाहिलं नाही.

आठ नंबरचं शेवाळ सगळ्यांत जास्त तेल धरायचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या प्रत्येक पेशीत पिवळे थेंब दिसत. साहेबांचं निम्मं आयुष्य त्याच्यापायी गेलं होतं. ते मोठ्या तळ्यात वाढवायचं ठरलं आणि त्याच सुमारास बाईंचा खोकला बळावला. दीड महिन्यात त्या गेल्या.

तळ्यात सोडण्याआधी साहेबांनी आठ नंबर औषध घालून स्वच्छ केलं. एकही जंतू नाही, नुसतं शेवाळ. जुन्या नळ्या वाफेवर उकडून टाकल्या. बाराव्या दिवशी नवं शेवाळ फिकं पडलं. थेंब दुसऱ्या नळीत घातला, तेही फिकं. प्रकाश बदलला, पाणी बदललं, काही उपयोग झाला नाही. दहा नळ्यांच्या तीन झाल्या, तिनाची एक. साहेब दाढी न करता तिच्यासमोर बसून राहत. ती गेली की आठ नंबर जगात कुठेच उरणार नव्हतं.

आता फुंकर कोणी घालत नाही, एवढंच माझ्या मनात यायचं. पण बोललो तर लोक हसतील, आणि गेलेल्या बाईंवर ठपका येईल. मी नळ्या मोजत राहिलो.

मग बाईंची मुलगी त्यांचा पांढरा कोट आणि खोलीची किल्ली परत द्यायला आली. मी वहीत नोंद करत होतो, तेवढ्यात तिने पिशवीतून एक लहान बाटली काढली. कापसाचा बोळा, आत गर्द हिरवं.

"हेही तुमचंच. आई एक घरी ठेवायची."

घरी न्यायला सक्त मनाई होती. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. आठ. निळं टिंब. आणि बाईंच्या अक्षरात तारीख, त्या गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाची. मी ती दोनदा वाचली.

मुलगी ओशाळली. म्हणाली, नव्या बाटलीत थेंब सोडायला आईनेच शिकवलं होतं, आणि अक्षरही तिच्यासारखंच येतं. मी विचारलं, "फुंकर घातलीस?"

"घातली की. तोंड भाजतं ना त्याचं."

मी बाटली घेऊन साहेबांकडे गेलो आणि तेवीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून बराच वेळ पाहत राहिले, मग मलाही पाहू दिलं. हिरव्या पेशींना बिलगून बारीक कण वळवळत होते. या शेवाळाला एक जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, साहेब सांगू लागले. ते हे जंतू पुरवतात आणि बदल्यात त्याने बनवलेली साखर खातात. माणसाच्या तोंडात राहणाऱ्यांपैकी आहेत.

"बाईंचे?" मी विचारलं.

"आणखी कोणाचे?" ते म्हणाले. पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत म्हणाले, "म्हणजे मी बाईंनाच धुऊन काढलं होतं."

आता मोठं तळं गर्द हिरवं आहे. तीस पावलं लांबीचं, पाणी ढवळायला एक चाक अखंड फिरत असतं. मुलगी बाईंच्या जागी काम करते. परवा भर दुपारी तिने मला जरा वेळ चाक बंद करायला सांगितलं. पाणी निवांत झालं. मग तळापासून बारीक बुडबुडे वर येऊ लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन असलं की शेवाळ प्राणवायू सोडतं, हे मला ठाऊक आहे. तरी तो आवाज मी ओळखला. दिव्याजवळ, नळीच्या तोंडाशी, तेवीस वर्षं ऐकलेला.

"काका, ऐकलंत?"

मी नाही म्हणालो.

ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि पाण्यावर हळूच फुंकर घातली. मी खिशात किल्ली चाचपत दुसरीकडे पाहिलं. चाक मात्र लगेच सुरू केलं नाही.