याचं नोजल चोक होते

"साहेब, याचं नोजल चोक होते. तुमी मले इचारा."

मालक असं बोलला अन् ग्रामपंचायतीसमोर बसलेले सारे हासले. चौकशीले आलेला साहेबबी हासला. अन् मी? मीबी हासलो. त्या हासन्याची लाज अजून जात नाही.

त्या साली आमच्या यवतमाळकडे कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध फवारता फवारता मानसं पडत होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. मी अन् माहा चुलतभाऊ सुखदेव, दोघं मालकाच्या वावरात पाठीवर पंप घेऊन. ना मास्क, ना हातमोजे. तोंडाले दुपट्टा. नोजल चोक झालं का तोंडानंच फुकाचं, अन् पुन्हा फवाराचं. तिसऱ्या दिवशी सुखदेव वावराच्या धुऱ्यावर कोसळला. दवाखान्यातून जिता आला, पन डोळे गेले.

साहेबानं मले एकच इचारलं होतं, "मालकानं मास्क दिला होता का?"

'नाही' म्हनाचं होतं. बस, एवढंच. "न... न... न..." जबडा लागून गेला, मान वाकडी झाली. लहानपनापासून असंच हाय माह्यं. तेवढ्यात मालकानं ते नोजलचं म्हनलं, अन् वरून सांगून टाकलं, "देलता ना साहेब. यायनंच घातला नाही. पेलेले होते दोघंबी."

सुखदेव दारूले शिवत नव्हता. मले माहीत होतं. तरी मी हासत हासत खाली बसलो. थू माह्या जिंदगीवर!

घरी आल्यावर सुखदेवच्या बायकोनं इचारलं, "भाऊजी, तुमी काहून हासले?"

"बो... बोलता येत नाही ना, वैनी. लोकं हा... हासतात."

तिनं सुखदेवची बोटं धरून त्याच्या हातात पान्याचा गिलास देला. म्हनली, "यायले त आता हासनारेबी दिसत नाही."

माह्यं दुखनं केवढंसं, अन् मी त्याच्याआड लपलो कितीक वर्ष! जीभ अडकते. अडकली त काय मरतो का मी?

महिन्याभरानं तालुक्याले पुन्हा बयान झालं. मालक तिथंबी होता. साहेब दुसरा. माह्यं अडकनं पाहून तो म्हनला, "लिहून दे, वेळ वाचेल."

"लि... लिहिनार नाही, साहेब. बो... बोलनार. वे... वेळ लागन."

"साहेब, याचं..." मालकानं सुरू केलं. मी त्याच्या तोंडाकडे पायलं. हासलो नाही.

"न... न... न... नाही देला मास्क. सु... सुखदेव पेलेला न... नव्हता."

पुढं काय होईन, मले माहीत नाही. मी तोतरा हाय, तोतराच मरन. पन मालकासंगं पुन्हा हासनार नाही. ज्याले घाई हाय त्यानं उठून जावं. माह्यं बोलनं पुरं झाल्याबिगर मी उठत नसतो.