गावावरचा इंडेक्स

मी टिटवाळ्याचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. जे तपासून बघता येत नाही त्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी हे लिहितोय...

खोपटला एसटी डेपोजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. एका जुन्या प्रसूतिगृहाचे केसपेपर आम्ही कॉम्प्युटरवर चढवले. प्रत्येक बाईचं एक डॉक्युमेंट — नाव, गाव आणि आतच बाळाची नोंद. इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, फक्त केस नंबरवर. नंबर दिला की कागद लगेच समोर. गावावरून शोधायचं तर कॉम्प्युटर सगळी डॉक्युमेंट्स एकेक करून उघडत बसणार.

मला हे काम ऑफिसातल्या नीलिमाताईंनी हाताला धरून शिकवलं. त्या म्हणायच्या, "अरे, बाईला नंबर कुठला आठवणार? गाव आठवतं. गावावर इंडेक्स टाक." मी टाळत राहिलो. गणपतीनंतर ताई आजारपणात गेल्या.

डिसेंबरात बाळकुमचे म्हात्रे काका आले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. सासूने तिला न दाखवताच नेलं. काका मिठागरावर होते. त्यांनाही "गेलं" एवढंच कळलं. आता काकी अंथरुणाला खिळलेल्या, शेवटचेच दिवस.

"ती एकच इचारते," काका म्हणाले, "पोरगा व्हता का पोरगी?"

केस नंबर नव्हता. नाव-गाव टाकून शोध सुरू केला, तर अर्ध्या तासाने सर्व्हरने हात टेकले. काका म्हणाले, तुमचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय. नवा इंडेक्स टाकायला परवानगी लागते, दोन दिवस जातील, असं मी सांगितलं. ते उठेनात. त्यांच्या समाधानासाठी पुन्हा बटण दाबलं —

कागद समोर होता. क्षणात.

मुलगी.

काकांनी चष्मा पुसला आणि ते रिक्षाने घरी गेले.

मी तपासलं. शोध गावावरच्या इंडेक्सने लागला होता. इंडेक्सच्या यादीत तो दिसत होता, नावाच्या शेवटी 'नी' — ताईंची सवय. त्यांचं लॉगिन कधीच बंद झालेलं. संध्याकाळी पाहिलं तर यादीत फक्त केस नंबरचा इंडेक्स. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तो बनवल्याची नोंद नाही, काढल्याचीही नाही.

रात्री काकांचा फोन आला. काकींनी ऐकलं, "सुमन" एवढंच म्हणाल्या आणि तासाभराने गेल्या.

तो इंडेक्स कुठून आला, मला आजही माहीत नाही. काका मात्र ते विचारतच नाहीत. ते विचारतात, "कागदावर पोरीचं नाव सुमन लिवलंस का रे?" जुन्या नोंदीत काही घालता येत नाही... हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.